माझ्या गाडीचं हेड

दादाने ते हेड पोत्यातून काढून शेडमधल्या लोखंडी टेबलावर ठेवलं तेव्हा तो हसत होता.

"देख," तो म्हणाला, "कसं आरसानामायक चमकी ऱ्हायनं."

मी वाकून पोर्टमध्ये पाहिलं. खरंच आरसा झाला होता. माझंच नाक आत वाकडंतिकडं दिसत होतं. हातात पाना होता, तो मी खाली ठेवला. हातात राहिला असता तर मी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही.

"हाई कोनी सांगं?" मी विचारलं.

"मी सांगं. मोठा व्हॉल्व्ह टाकात, पोर्ट मोकळा करात. आते देखजो, गाडी कशी पयस ती."

गाडी माझी होती. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नवी गाडी घेतली तेव्हा जुनी मला दिली. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, तिच्या दाराचा रंग उन्हाने उडालेला. मी शहाद्याला शाळेत विज्ञान शिकवते, तिथेच नवऱ्यासोबत राहते. पण आमच्या भाड्याच्या घरापुढे तेव्हा गाडी खोलून ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती ब्राह्मणपुरीला माहेरच्या शेडमध्ये ठिबकच्या नळ्यांच्या भेंडोळ्यांशेजारी उभी होती. दर रविवारी मी तिकडे जायचे आणि संध्याकाळपर्यंत काळे हात घेऊन परत यायचे. इंजिन मी स्वतः उतरवलं, स्वतः खोललं. ब्लॉक धुतला, रिंगा बदलल्या, बेअरिंग बदलले. हे कौतुकासाठी सांगत नाही. दादाला त्या इंजिनात माझा हात किती आहे हे माहीत होतं, एवढंच सांगायचं आहे.

गाडी मला मातीवरच्या शर्यतीसाठी हवी होती. उन्हाळ्याच्या तोंडी धुळ्याबाहेरच्या एका पडीक मैदानावर हौशी लोक जमतात. टायर आणि खांब ठेवून वाट आखतात, आणि एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात. सरळ रस्ता फारसा नाहीच. वळण, परत वळण, उलटं वळण. खांबाला धक्का लागला की वेळेत दंड. अशा ठिकाणी गाडी किती जोरात पळते याला फार अर्थ नसतो. वळण संपताना तुम्ही पाय दाबता त्या क्षणी ती उठते की नाही, यावर सगळं असतं.

आणि ते ठरतं हेडवर. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. हवा आणि पेट्रोल आत यायची आणि धूर बाहेर जायची वाट त्यातूनच असते. त्या वाटांना पोर्ट म्हणतात आणि त्यांच्या तोंडाशी व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. इंजिनाचा दम वाढवायचा तर श्वास सुधारावा लागतो, हे सगळ्यांनाच कळतं. तो कुठल्या वेगाला सुधारायचा, इथे माणसं चुकतात.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, याच घराण्यातल्या पुढच्या गाडीचं सोळा व्हॉल्व्हचं हेड. ते सुरतच्या भंगारात मिळतं, पण त्याच्यासाठी पिस्टन बदलावे लागतात, वायरिंग बदलावं लागतं, आणि त्याची खरी मजा इंजिन किंचाळायला लागल्यावर येते. दुसरी वाट म्हणजे आहे तेच हेड ठेवून मोठे व्हॉल्व्ह बसवायचे, पोर्ट खरवडून रुंद करायचे. तिसरी वाट साधी होती आणि मला तीच आवडली. पोर्टचं माप तसंच ठेवायचं. व्हॉल्व्हच्या मागे ओतकामाची जी खडबडीत धार असते तेवढीच मोडायची. सीट, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो ती कडा, तीन कोनांत कापून घ्यायची. खालचा फेस, म्हणजे हेडची ब्लॉकला टेकणारी सपाट बाजू, अगदी थोडा काढायचा, म्हणजे मिश्रण जरा जास्त दाबलं जाईल. बाहेरून पाहिलं तर काही केलंय असं वाटू नये.

दादा पहिल्यापासून दुसऱ्या वाटेवर होता. मी त्याला त्याच्याच भाषेत समजावलं होतं. शेतात नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी लांब जातं. अंगठा काढला की तेच पाणी पायाशी पडतं. कमी वेगाला इंजिन ओढतंच थोडी हवा. वाट रुंद केली तर हवा सुस्तावते आणि पेट्रोल भिंतीला चिकटून राहतं. तो हसून म्हणाला होता, "तू शाळामा शिकाड ते." विषय तिथेच संपला, असं मी समजले.

हेड मी स्वतः धुळ्याला नेलं होतं. तिथला हेडचं काम करणारा कारागीर मला चांगला वाटला. मी खडूने खुणा करून दाखवल्या, तो मान डोलावत राहिला. "बरोबर आहे ताई, मातीसाठी असंच पाहिजे," असंही म्हणाला. मग दहावीच्या परीक्षा लागल्या, मला सुपरव्हिजन आली. दादा ठिबकचं सामान आणायला धुळ्याला निघाला होता. "हेड मी लई येस," म्हणाला. मला बरं वाटलं. भाऊ आपलं काम करतोय असं वाटलं.

तर आता ते टेबलावर चमकत होतं.

मी शेडच्या बाहेर येऊन धुळ्याला फोन लावला. "मी तुम्हाला काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

"ताई, भाऊ आले होते ना," तो म्हणाला. "ते म्हणाले मोठे व्हॉल्व्ह टाका, पोर्ट मोकळे करा."

"गाडी कोणाची आहे?"

"तुमचीच हो. पण मला वाटलं, तुमचं घरात बोलणं झालं असेल."

"एक फोन करायचा होता मला."

"भाऊच समोर उभे होते ताई. त्यांच्यापुढे तुम्हाला फोन करायचा म्हणजे कसं दिसतं?"

कसं दिसतं! त्याला माझं म्हणणं पटलं होतं. मातीवर हे हेड चालणार नाही हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं. तरी त्याने यंत्र लावलं आणि चांगला धातू खरवडून भुसा केला, कारण समोर उभ्या पुरुषाला थांबवणं त्याला अवघड वाटलं. मी फोन ठेवला. दादा शेडच्या दारातून पाहत होता आणि त्याला वाटत असणार की मी रडते आहे, याचाही मला राग आला.

"कसाले इतली चिडी ऱ्हायनी?" तो म्हणाला. "चांगलंच करं ना मी."

"मन्ही गाडी शे ती, दादा."

"तुन्हीच शे. कोनी नही म्हणं?"

आप्पा तिथेच खाटेवर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मोबाइलवर बाजारभाव वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

शर्यत जवळ आली होती, दुसरं हेड हाताशी नव्हतं. मी तेच बसवलं. टॉर्क लावताना, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळताना, प्रत्येक बोल्टला मी दातही आवळले असतील. गाडी सुरू झाली तेव्हा आवाज मात्र वेगळाच होता, भरदार. दादा तिला प्रकाशा गावाच्या रस्त्यावर घेऊन गेला, मी शेजारी बसले. खालच्या वेगाला ती अडखळत होती, पण त्याने पाय काढलाच नाही. रस्ता सरळ होता, काटा वर वर चढत गेला, आणि वर गेल्यावर गाडी खरोखरच सुटली. हे मी नाकारत नाही. दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागा नुसत्या हिरव्या पट्ट्यासारख्या मागे जात होत्या आणि दादा ओरडत होता, "देख! कशी पयी ऱ्हायनी देख!"

घरी आल्यावर त्याने ते सगळ्यांना सांगितलं. गावातल्या त्याच्या मित्रांना शेडमध्ये बोलावून बॉनेट उघडून दाखवलं. ते हेडबद्दल त्याला विचारत होते आणि तो सांगत होता. मी तिथेच उभी होते. एकाने मला विचारलं, "ताई, चहा हुई काय?" माझ्या हाताला ग्रीस होतं, कोपरापर्यंत.

मी चहा केला नाही. आत जाऊन हात धुतले आणि शहाद्याची बस पकडली.

धुळ्याच्या मैदानावर आम्ही तिघं गेलो: मी, दादा, आणि मागच्या सीटवर माझा नवरा. माझ्या नवऱ्याला गाड्यांतलं काही कळत नाही आणि कळतं असं तो दाखवतही नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. नावं लिहून घेणाऱ्याने दादाला विचारलं, "भाऊ, गाडी तुमची का? तुम्हीच चालवणार?" दादा म्हणाला, "बहीण चालवणार." त्या माणसाने मला न विचारता महिला गटात लिहून टाकलं. त्या गटात मी एकटीच होते.

माझी पाळी आली. पहिलं वळण नीट घेतलं. गाडी मी हवी तिथे वळवली, खांब बोटभर लांब राहिला. आणि पाय दाबला. काहीच झालं नाही. इंजिनाने घसा दाबल्यासारखा एक आवाज काढला, गाडी जागच्या जागी रेंगाळली, आणि मग एकदम जोर आला तेव्हा पुढचं वळण येऊन ठेपलं होतं. परत ब्रेक. परत तेच. प्रत्येक वळणाच्या तोंडाशी मी त्या चकचकीत पोर्टांची वाट बघत बसले होते. हवेला वेग यावा म्हणून मी खालचा गिअर टाकला तर चाकं मातीत नुसतीच फिरायला लागली. शेवटच्या उलट्या वळणावर इंजिन बंदच पडलं. मैदानावर कोणीतरी शिट्टी वाजवली.

परत आले तेव्हा दादाभोवती चार-पाच माणसं होती. मी गाडीतून उतरायच्या आत तो त्यांना म्हणाला, आणि मला ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडी तर रेडी आहे. चालवणारी कमी पडली."

घरात नाही, परक्या लोकांसमोर. आणि शुद्ध मराठीत, म्हणजे सगळ्यांना नीट कळावं.

मग त्याने स्वतःचं नाव नोंदवलं आणि माझ्या गाडीत बसला. त्याने इंजिनाचा वेग एकदाही खाली येऊ दिला नाही. वळणावर क्लच अर्धा दाबून ठेवायचा आणि वरून रेस देत राहायचं. गाडी किंचाळत होती, क्लचचा जळका वास प्रेक्षकांपर्यंत आला. वळणं त्याने गबाळी घेतली. पण इंजिन वरच्या वेगाला ठेवल्यामुळे त्याची वेळ माझ्यापेक्षा चांगली लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो खाली उतरून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असं चालवनं पडस."

मी हात झटकला. माझ्या क्लचचा धूर अजून बॉनेटखालून येत होता.

परतताना गाडी मी चालवत होते, दादा शेजारी. तो बोलत होता. पुढच्या वेळी कार्ब्युरेटर मोठा टाकू, सायलेन्सर बदलू. टाकू, बदलू! कोण टाकणार होतं? दोंडाईचाला बसस्टँड आलं आणि मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

"काय व्हयनं?" दादा म्हणाला.

"उतर."

तो हसला. मी किल्ली काढून मुठीत धरली आणि समोर पाहत बसले. तो म्हणाला, वेडी झाली का. तो म्हणाला, लोक पाहत आहेत. मग तो मागे वळून माझ्या नवऱ्याला म्हणाला, "पाहुणा, सांगा ना हिले."

नवरा म्हणाला, "गाडी तिची आहे. मी तरी काय सांगू?"

ते वाक्य त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच कोणी पुरुष दुसऱ्या पुरुषाला म्हणाला होता. दादा उतरला. दार इतक्या जोरात आपटलं की काच थरथरली. शहाद्याची बस समोरच लागलेली होती, त्यामुळे मला कणव आली नाही. नवरा पुढे येऊन बसला आणि मी गाडी चालू केली.

मग व्हायचं ते झालं. आईचा फोन आला: भावाला असं रस्त्यात उतरवतात का, लोक काय म्हणतील, त्याने तुझ्या भल्यासाठीच केलं. वहिनीने बोलणं टाकलं. दादाने माझ्याविषयी काय काय सांगितलं ते मला इकडून तिकडून कळत गेलं. माझ्या हेडविषयी कोणी काही बोललं नाही. बसस्टँडवर उतरवलेला भाऊ सगळ्यांना दिसला. खरवडलेला तो धातू कोणाला दिसला नाही.

त्या रात्री जागेअभावी गाडी माहेरच्या शेडमध्येच लावावी लागली होती; जळका क्लच आता धरत नव्हता, म्हणून पुढच्या रविवारी मी टो करून ती तिथून काढली. तोपर्यंत आम्ही घर बदललं होतं आणि नव्या घराला पुढे पत्र्याचा मांडव होता. आप्पा अंगणात उभे राहून पाहत होते. "ऱ्हाऊ दे ना आठे," एवढंच म्हणाले. मी राहू दिली नाही.

सुट्टी लागल्यावर आम्ही दोघं नवापूरमार्गे बसने सुरतला गेलो. तिथल्या भंगार बाजारात माझ्या मूळ हेडसारखी हेडं ओळीने मांडून ठेवलेली असतात. दुकानदार माझ्या नवऱ्याशी बोलायला लागला. नवरा म्हणाला, "मने खबर नथी, इनको पूछो." अर्धी गुजराती, अर्धी हिंदी. त्या दिवसात मी तेवढंच एकदा हसले. मग मी खाली बसून एकेक हेड पाहिलं. सरळ पट्टी लावून फेस वाकलेला आहे का ते बघितलं, दोन सीटांच्या मधे तडा आहे का ते टॉर्च लावून बघितलं, कॅम बसते तिथे चरे आहेत का ते नखाने चाचपलं. दुकानदार आधी कंटाळला, नंतर स्वतःच आतून चांगली हेडं काढून आणायला लागला. जे घेतलं ते काळंकुट्ट होतं, आणि त्याच्या पोर्टला कारखाना सोडल्यापासून कोणी हात लावलेला नव्हता. मला ते फार सुंदर वाटलं.

धुळ्याला मी परत गेले नाही. नंदुरबारला ट्रॅक्टरची हेडं करणारा एकजण आहे, त्याच्याकडे फक्त सीट आणि फेस एवढंच काम दिलं. हेडवर पांढऱ्या रंगाने माझा फोन नंबर लिहिला आणि खाली लिहिलं: या नंबरशिवाय कोणाचंही ऐकू नये. तो वाचून म्हणाला, "मॅडम, असं का लिहिलं?" मी म्हटलं, "कारण आहे." त्याने जास्त विचारलं नाही आणि सांगितलं तेवढंच केलं. इतकी साधी गोष्ट होती ती. सांगितलं तेवढंच करणं कोणालाही जमण्यासारखं होतं, हे पाहून माझा राग उलट वाढला.

पोर्टचं काम मी मांडवात स्वतः केलं. हातातला छोटा ग्राइंडर, त्याला सॅंडपेपरचा रोल. व्हॉल्व्हच्या मागची धार मोडायची आणि थांबायचं. थांबणं कठीण असतं. धातू मऊ असतो, रोल सुरेख चालतो, हात म्हणतो अजून थोडं. मी दर थोड्या वेळाने बोट आत घालून बघायचे. आतला भाग मी चमकवला नाही, जरा खरबरीतच ठेवला, कारण पेट्रोल तिथे उडत राहायला हवं.

असंच एकदा काम चालू असताना आप्पा आले. हातात केळीचा घड. मी ग्राइंडर बंद केला, गॉगल वर सरकवला. ते खुर्चीवर बसले, हेडकडे पाहत राहिले.

"दादानं मोठं हेड पडेल शे का तसंच?" त्यांनी विचारलं.

"पडेल शे."

मग ते म्हणाले, "धुळाथून त्याना फोन ऊना व्हता माले. इचारं त्यानी, करू का म्हणे. मी म्हणं, तुले बरं वाटस ते कर."

मला आधी ते नीट समजलंच नाही. मग समजलं. दादाने विचारलं होतं. गाडी दुसऱ्याची आहे, न विचारता करू नये, हे त्यालाही कळलं होतं. त्याने फोन उचलून विचारलं होतं. फक्त मला नाही.

"तुम्ही मला दिली होती ना गाडी?" मी म्हणाले. आप्पांशी मी कधी शाळेतल्या मराठीत बोलत नाही. त्या वेळी तेच तोंडात आलं.

"दिधीच व्हती."

"मग तुम्हाला कसं विचारलं? आणि तुम्ही हो कसं म्हणालात? माझ्याकडे फोन नव्हता? मी शेडमध्ये उभी राहून भांडत होते तेव्हा तुम्ही खाटेवर बसून भाव वाचत होता. सगळं माहीत असून! एक शब्द बोलला असता. हिला विचार, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द, आप्पा."

"घरमा वाद नको म्हणीसन..."

"वाद झालाच ना? फक्त त्यात माझ्या बाजूने कोणी नव्हतं."

माझा आवाज इतका चढला की शेजारची बाई गच्चीवर आली. आप्पांनी कधी मला मारलं नाही, कधी शिक्षण अडवलं नाही. मी लहान असताना ते घरच्या जीपचं बॉनेट उघडायचे तेव्हा मला उचलून बंपरवर बसवायचे, हा डिस्ट्रिब्युटर, हा रेडिएटर असं सांगायचे. मला इंजिनाचं वेड लागलं ते त्यांच्यामुळे. म्हणूनच मला ते सहन होईना. दादाला इंजिनातलं कळत नव्हतं, धुळ्याचा कारागीर परका होता. आप्पांना मी कोण आहे ते माहीत होतं.

ते उठले, केळीचा घड ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "चुकनंच मन्हं." आणि निघाले. मी त्यांना बसा म्हटलं नाही, स्टँडपर्यंत सोडायलाही गेले नाही. नवरा गेला. मी ग्राइंडर परत चालू केला आणि लगेच बंद केला, कारण रागात हात चालवला तर पोर्ट बिघडला असता. त्या दिवशी पुढे काम झालं नाही.

इंजिन बांधून झालं, क्लच नवा टाकला. पहिल्याच दिवशी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मी दुसऱ्या गिअरमध्ये हळू वळले आणि पाय दाबला. गाडी उठली. आवाज नाही, किंचाळणं नाही, पाठ सीटला टेकली फक्त. मी गल्लीला वळसा घालून परत तोच कोपरा घेतला. परत घेतला. भाजीवाली बाई गाडा थांबवून पाहायला लागली तेव्हा मी घरी आले.

पुढच्या शर्यतीला नाव लिहिणाऱ्याला मी सांगितलं, खुला गट. तो म्हणाला, महिला गट वेगळा आहे. मी म्हणाले, मला माहीत आहे, खुल्यात लिहा. दादाही आला होता, त्याच्या मित्रांसोबत, माझ्याशी बोलला नाही. मी गाडी सोडली. वळणामागून वळण गाडी माझ्या पायाखाली होती, पाय दाबला की उत्तर मिळत होतं. पहिली आले नाही. माझ्या पुढे बरेच होते, त्यांतले काही फार चांगले चालवणारे होते. पण मागच्या वर्षीच्या दादाच्या वेळेपेक्षा माझी वेळ इतकी कमी होती की त्याविषयी बोलायची गरज नव्हती. आणि त्याविषयी कोणी बोललंही नाही. दादाच्या मित्रांपैकी एकजण म्हणाला, आता गाडी सेट झाली वाटतं. जणू गाडी आपोआप सेट होते, जसं दूध आपोआप विरजतं.

आप्पा घरून फोन करून विचारत होते म्हणे, नवऱ्याला. मला नाही केला. मी आता माहेरी जाते, सणाला जाते, दादाच्या मुलांना गणित शिकवते. त्या हेडचा विषय कोणी काढत नाही. ते सगळे विसरले म्हणून काढत नाहीत, आणि मी विसरले नाही म्हणून काढत नाही. काढला तर मी परत तितकीच ओरडेन, याची मला खात्री आहे.

गेल्या महिन्यात एक फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता, आवाज होता. धुळ्याचा कारागीर. एका गिऱ्हाइकाने मैदानावर माझी गाडी पाहिली होती, त्याला तसंच हेड हवं होतं.

"ताई, तुमचा नंबर माझ्याकडून हरवला होता, म्हणून भाऊंना फोन केला," तो म्हणाला. "त्यांनाच विचारलं हेडला काय केलंय. ते म्हणाले, थोडंफार काम केलंय, तिला विचारा, आणि तुमचा नंबर दिला."

म्हणजे या वेळीही आधी भाऊंनाच.

"त्या गिऱ्हाइकाला विचारा, त्याला गाडी कुठे चालवायची आहे," मी म्हणाले. "मातीवर असेल तर पोर्टला हात लावू नका, सीट कापा, फेस थोडा काढा. हे मी तुम्हाला आधीही सांगितलं होतं. खडूने काढून दाखवलं होतं."

"हो ताई, आठवतंय मला."

"आठवतंय?"

"हो. तुमचं बरोबरच होतं तेव्हा."

मी फोन ठेवला. नवऱ्याने विचारलं, कोणाचा होता. मी सांगितलं आणि स्वयंपाकघरात गेले. कणीक मळायला घेतली, ती इतकी घट्ट मळली की पोळ्या लाटता येईनात. मग नवरा आला, त्याने परात माझ्या हातातून घेतली आणि थोडं पाणी घातलं.

"बरोबर होतं म्हणाला ना तो?" त्याने विचारलं.

"म्हणूनच तर," मी म्हणाले.